६४ नंबरची बस

रोममध्ये तेर्मिनी स्टेशनसमोरून ६४ नंबरची बस सुटते आणि व्हॅटिकनच्या मागच्या अंगाला जाऊन थांबते. वाटेत पिआझ्झा वेनेझिया, लार्गो अर्जेंतिना, कोर्सो व्हित्तोरिओ एमान्युएले, म्हणजे पाहुण्याला जे जे बघायचं असतं ते बरंचसं. म्हणून ती कायम खच्चून भरलेली असते, आणि म्हणूनच पाकीटमारांची बस म्हणून तिचं नाव झालंय. हे मी निघायच्या आधीच वाचलं होतं. वहीत लिहून त्याखाली रेघही मारली होती. तरी २०२४ च्या जूनमधल्या एका शुक्रवारी दुपारी आम्ही त्याच बसमध्ये चढलो, आणि दहा-बारा मिनिटांनी उतरलो तेव्हा ताईचा पासपोर्ट गेलेला होता.

आम्ही दोघीच होतो. ताई ६३ वर्षांची, मी ५६. ताई आयुष्यात पहिल्यांदा देशाबाहेर पडत होती. नऊ दिवसांचा बेत होता: व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि शेवटी रोम. मंगळवारी दुपारी रोमहून परतीचं विमान. सगळी आखणी माझी, त्यामुळे सावधगिरीच्या सूचनाही माझ्याच. त्या मी इतक्या वेळा दिल्या होत्या की तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "अगं, मला आता चर्च दिसायच्या आधी चोरच दिसतात."

सुरुवातीचे दिवस आम्ही खरंच चांगले निभावले. व्हेनिसच्या गल्ल्यांमधून एकदा एका बाईंचा खणखणीत आवाज आला, "अत्तेन्त्सिओने, बोर्सेज्जातोरी!" म्हणजे पाकीटमारांपासून सावध. तिथले काही रहिवासी वर्षानुवर्षं हे काम स्वतःहून करतात. पाकीटमार दिसले की त्यांच्या मागे जायचं आणि ओरडून लोकांना सावध करायचं. २०२३ मध्ये त्यांच्यातल्या एका बाईंचे व्हिडिओ जगभर पसरले होते. त्यांच्या गटाच्या नावाचा अर्थ आहे 'लक्ष न ढळलेले नागरिक'. नाव वाचून तेव्हा मला नुसतं कौतुक वाटलं होतं. त्याचा खरा अर्थ चार दिवसांनी कळला.

फ्लॉरेन्समध्ये उफिझी संग्रहालयाजवळ फरसबंदीवर रंगीत चित्रं पसरून ठेवलेली असतात, अगदी चालायच्या वाटेत. नजर वर, इमारतींवर असते. चुकून पाय पडला की विक्रेता चित्र खराब झालं म्हणून पैसे मागतो. ताईने तिथे माझा हात धरून मला बाजूला ओढलं होतं. रोममध्ये तेर्मिनीला तिकिटाच्या मशीनपाशी एक तरुण न विचारताच मदतीला आला आणि स्क्रीनवर बोटं चालवायला लागला. मी "नो, ग्रात्सिए", म्हणजे नको, धन्यवाद, म्हणून मशीनच सोडलं आणि तिकीट खिडकीवरून घेतलं. स्पॅनिश स्टेप्सवर एकाने ताईच्या हातात गुलाब दिला, "गिफ्ट, गिफ्ट" म्हणत. फूल हातात राहिलं की पुढे पैशांची मागणी येते. परत करायला गेलं तर तो घेत नाही. ताईने ते फूल शांतपणे शेजारच्या कठड्यावर ठेवलं आणि पुढे निघाली. मनगटात दोरा बांधू पाहणारा, बहिऱ्या मुलांसाठी सही मागणारी, कलोसियमबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवून "रांग नाही, लगेच आत" म्हणणारा, सगळ्यांना आम्ही टाळलं.

आता वाटतं, त्या यशानेच घात केला. हे सगळे लोक समोरून येतात, बोलतात, काहीतरी देऊ करतात. त्यांना नाही म्हणता येतं. नाही म्हणता म्हणता आम्हाला वाटायला लागलं की आम्हाला सगळं जमलं. पण खरी चोरी बोलत नाही. तिला तुमच्याकडून होकार नको असतो, नकारही नको असतो.

त्या शुक्रवारी सकाळी आम्ही व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चला गेलो. कडक ऊन होतं. पासपोर्ट, पैसे आणि कार्ड आम्ही दोघी कपड्यांच्या आतून कमरेला बांधायच्या पातळ पट्ट्यात ठेवत होतो. खांदे झाकलेले असल्याशिवाय चर्चमध्ये सोडत नाहीत, म्हणून ताईने वर जाड ओढणी घेतली होती. आधीच्या दिवसांच्या उकाड्याने तिच्या पट्ट्याखाली पुरळ उठलं होतं. हॉटेलमधून निघतानाच ती म्हणाली, "आज बांधू का नको?" आणि मी म्हणाले, "राहू दे, पर्समध्ये टाक. एक दिवस काही होत नाही."

हे वाक्य माझं होतं.

दुपारपर्यंत ताईचे गुडघे बोलायला लागले. टॅक्सीच्या थांब्यावर मोठी रांग. तेवढ्यात ६४ आली. २०२५ हे कॅथलिकांचं यात्रेचं पवित्र वर्ष, त्याच्या तयारीसाठी त्या वेळी रोमभर रस्ते खणून ठेवलेले होते, बस मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि आत उभं राहायलाही जागा नव्हती. माझं लक्ष मोबाइलवरच्या नकाशात, लार्गो अर्जेंतिना चुकू नये म्हणून. ताईचा एक हात वरच्या दांडीला, दुसरा सीटच्या पाठीला. पर्स तिरकी अडकवलेली, पण दोन्ही हात वर गेल्यामुळे ती घसरून कमरेच्या मागे गेली होती.

ताईच्या मागे दोन मुली उभ्या होत्या. नीटनेटके कपडे, एकीच्या हातात उघडा नकाशा. कोणीही कॉलेजच्या विद्यार्थिनी समजावं अशा. थांबा आला, दार उघडलं आणि उतरणाऱ्यांपैकी एक बाई नेमकी पायरीवरच थबकली, जणू काही विसरलंय. मागून रेटा आला. ताईचा तोल जायला लागला तशी नकाशावाल्या मुलीने पटकन तिचा कोपर धरला, काहीतरी गोड बोलली आणि तिला खाली उतरायला मदत केली. ताई वळून तिला "थँक यू" म्हणाली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

लार्गो अर्जेंतिनाला रस्त्याच्या पातळीखाली जुन्या रोमन देवळांचे अवशेष आहेत. इसवी सनपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरचा खून जिथे झाला, त्या सेनानी पॉम्पीने बांधलेल्या सभागृहाचा पाया तिथेच आहे. आता त्या दगडांवर मांजरी झोपलेल्या असतात. आम्ही कठड्याला टेकून चांगली दहा मिनिटं त्या मांजरी मोजत होतो. तिथून पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर पाच मिनिटांवर. जुलै २०२३ पासून तिथे तिकीट आहे, तेव्हा ते ५ युरोंचं होतं. रांगेत ताईने पैसे काढायला पर्स पुढे घेतली आणि नुसती त्या पर्सकडे बघत राहिली.

मी ती पर्स जवळून पाहिली. चेन एक वीतभर उघडी होती आणि फटीत ताईचा रुमाल नीट दुमडून वर ओढून ठेवलेला, आतली पोकळी दिसू नये म्हणून. ताई रुमालाची घडी कधीच तशी घालत नाही. आतला छोटा बटवा गेला होता. त्यात पासपोर्ट, २४० युरो, एक कार्ड, वाचायचा चष्मा. आणि पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा, मीच काढून दिलेली. मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच बटव्यात.

मग मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. रांगेतली माणसं बघत असताना मी मोठ्याने म्हणाले, "कितीदा सांगितलं होतं पर्स पुढे धर म्हणून! एवढंसं लक्ष ठेवता येत नाही?" ताई काहीच बोलली नाही. सकाळी मी काय म्हणाले होते याची आठवणही तिने करून दिली नाही. ती बाजूच्या कारंज्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि रिकाम्या पर्सची चेन लावत राहिली. लावायची, उघडायची, पुन्हा लावायची.

पहिलं काम कार्ड बंद करण्याचं. ताईचा मोबाइल सुदैवाने माझ्या पिशवीत होता. बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करायला दोन मिनिटं लागली, पण तोवर दोन व्यवहार होऊन गेले होते, एक ४२ युरोंचा, एक ३८ युरोंचा. दोन्ही ५० च्या आत, कारण तिकडे ५० युरोंपर्यंत कार्ड नुसतं टेकवलं तरी चालतं, पिन विचारत नाहीत. त्या चोरांना हे आकडे पाठ असतात. प्रवासात 'टेकवून पैसे' ही सोय ॲपमधून बंद ठेवता येते आणि लागेल तेव्हाच चालू करता येते, हे मला ठाऊक होतं. केलं नव्हतं.

मग पोलीस. इटलीत पोलिसांची दोन मोठी दलं आहेत, पोलित्सिया दि स्तातो आणि काराबिनिएरी. तक्रार दोन्हीकडे देता येते. आपत्तीसाठी नंबर ११२, पण चोर निघून गेल्यावर सरळ ठाण्यात जावं हे बरं. ठाण्यात आमच्यासारखेच आणखी पाच-सहा जण बसले होते. एका जोडप्याचा कॅमेरा गेला होता, एका मुलाचा मोबाइल. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. लुबाडला गेलेला माणूस मान खाली घालून बसतो आणि लुबाडणारे मात्र पुढच्या बसमध्ये चढलेले असतात, हे मला तिथे फार टोचलं.

पावणेदोन तासांनी नंबर आला. टेबलापलीकडच्या माणसाने मोडक्या इंग्रजीत पहिलाच प्रश्न विचारला: फुर्तो की स्मार्रिमेंतो? चोरी की हरवलं? ताई म्हणाली, "मी पाहिलं नाही ना कोणाला. हरवलं असंच लिहा." तिला कोणावर खोटा आळ घ्यायचा नव्हता. तो लिहायला लागलाही. पण मी थांबवलं. चेन उघडी होती, रुमाल वर ओढलेला होता, कार्ड वापरलं गेलं होतं. ही चोरीच. त्या एका शब्दावर पुढे पुष्कळ अवलंबून असतं. प्रवास विमा बहुधा चोरीचीच भरपाई देतो, निष्काळजीपणाने हरवल्याची नाही. शिवाय २०२२ च्या अखेरीस इटलीत कायदा बदलला होता, त्यामुळे त्या वेळी अशा पाकीटमारीत ज्याचं गेलं त्याने रीतसर तक्रार दिल्याशिवाय खटला सहसा पुढे सरकत नसे. पर्यटक दोन दिवसांत देश सोडायचा, तक्रार राहून जायची आणि पकडलेला माणूसही सुटायचा. म्हणून कंटाळा आला, भूक लागली, तरी ती तक्रार द्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

तक्रारीचा कागद, देनुंचा म्हणतात त्याला, छापून आला. ताईला सही करायची होती पण चष्मा नव्हता. मी ओळ न् ओळ वाचून, मोबाइलवर भाषांतर करून तिला सांगितली. पासपोर्टचा नंबर लिहायची जागा रिकामी होती, कारण तो आम्हाला पाठ नव्हता. तिथे मला हॉटेल आठवलं. इटलीत प्रत्येक पाहुण्याची माहिती हॉटेलला २४ तासांच्या आत पोलिसांकडे कळवावी लागते, त्यासाठी ते पासपोर्ट बघतातच. आमच्या हॉटेलने तर झेरॉक्स काढून घेतली होती. फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने पाच मिनिटांत दोन्ही पानांचे फोटो पाठवले. नंबर भरला, शिक्का पडला. मी तीन प्रती मागून घेतल्या. त्या माणसाने ताईकडे बघून सांगितलं, घरी जाईपर्यंत हाच तुमचा पासपोर्ट, सोबत ठेवा. परतताना एका फार्मासीतून ताईसाठी वाचायचा तयार चष्मा घेतला. लाल काड्यांचा होता, दुसरा मिळाला नाही.

तोपर्यंत संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. शनिवार-रविवार वकिलात बंद. मंगळवारी विमान. म्हणजे हातात फक्त सोमवार.

अडचणीतल्या नागरिकांसाठी भारतीय वकिलातीचा आणीबाणीचा फोन नंबर असतो. तो वेबसाइटवर सापडला आणि पलीकडून हिंदीत उत्तर आलं. त्या माणसाच्या आवाजात घाई नव्हती, ताईला तेवढंच पुरे होतं. त्यांनी सांगितलं की इतक्या कमी वेळात नवा पासपोर्ट होणार नाही, त्याला मायदेशातून पडताळणी लागते. पण 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' देता येईल. हा एकाच प्रवासाचा कागद, फक्त भारतात परतण्यापुरता. त्यावर दुसऱ्या देशात फिरता येत नाही. त्यासाठी ऑनलाइन अर्ज भरून त्याची छापील प्रत, पोलिसांचा कागद, जुन्या पासपोर्टची आणि व्हिसाची नक्कल, विमानाचं तिकीट आणि फोटो. आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: एकदा चोरीची नोंद झाली की तो पासपोर्ट रद्द. चोर पैसे काढून घेऊन बटवा कुठेतरी फेकून देतात, तो कधी सापडतोही. पण त्या पासपोर्टवर मग विमानतळावर जायचं नाही.

व्हिसाची नक्कल मात्र हॉटेलकडे नव्हती. ती माझ्या जुन्या ईमेलमध्ये मिळाली. विमा काढताना मी दोघींचे व्हिसा एजंटला पाठवले होते. केवळ योगायोग.

शनिवारी सकाळची कलोसियमची तिकिटं आधीच काढलेली होती. ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारात ओळखपत्राशी ताडून बघतात. बाहेर जादा दराने तिकिटं विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून हे केलंय. आमची तिकिटं १८ युरोंची होती. बाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक त्याच प्रवेशाचे कितीतरी जास्त मागत होते. ताई म्हणाली, "तू जाऊन ये. माझ्याकडे काय आहे दाखवायला?" मी तिला ओढूनच नेलं. दारातल्या बाईंनी देनुंचा वाचला, झेरॉक्सवरचा फोटो आणि ताईचा चेहरा पाहिला आणि काही न बोलता ताईच्या दंडावर हात ठेवून तिला आत सोडलं. ताई दचकली. आदल्या दिवशी असाच कोणीतरी तिचा कोपर धरला होता.

आत ताई जास्त फिरली नाही. सन ८० मध्ये सम्राट तितुसने उद्घाटन केलेलं ते प्रचंड लंबवर्तुळ समोर होतं, पन्नास हजार माणसं मावतील असं, आणि ती पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून एका कमानीखाली बसली होती. शेजारून कोणी गेलं की सरकून घ्यायची. माझ्या मते चोरीत सगळ्यात जास्त हेच जातं. २४० युरोंचा हिशेब लागतो, पण ज्या मुलीला तू मनापासून थँक यू म्हणालीस तीच चोर होती, हे कळल्यावर पुढच्या मदतीच्या हाताकडे माणूस कसा बघणार?

रविवारी ताईने खोलीतून बाहेर यायला नकार दिला. मीही गेले नाही. दिवसभर मी ती बस डोळ्यांसमोर आणत होते. किमान तिघींचं काम होतं ते. पायरीवर थबकलेली बाई वाट अडवायला, मागची रेटायला आणि तोल सावरणारी लक्ष वेधून घ्यायला. कोपराला स्पर्श झाला की मन कोपरावर जातं, त्या क्षणी कमरेपाशी काय चाललंय ते कळत नाही. नकाशा हाताखालची हालचाल झाकायला. पकडायचं झालं तर फक्त दोन जागा होत्या: दार उघडतं तेव्हा आणि अकारण गर्दी होते तेव्हा. त्या दोन्ही वेळी हात पर्सवर हवा होता, आणि दांडी धरायला दुसरा हात मोकळा हवा म्हणून अंगावर एकच पिशवी हवी होती. एक बस सोडली असती तरी चाललं असतं. त्याच मार्गावर ४० नंबरची कमी थांब्यांची बस आहे, गर्दी तिलाही असते, पण दार कमी वेळा उघडतं. आणि पट्टा. पट्ट्याचा विचार आला की मी पुन्हा पहिल्यापासून बस आठवायला लागायची.

त्या रात्री आम्ही दोघींच्या वस्तूंची फिरून वाटणी केली. माझं एक कार्ड ताईकडे, माझ्या पासपोर्टची नक्कल तिच्या बॅगेत, तिचे कागद दोन ठिकाणी, फोटो दोघींच्या मोबाइलमध्ये आणि घरी भाच्याकडेही. नंबर कागदावर लिहून बुटाच्या आतल्या तळाखाली. वीस मिनिटांत झालं सगळं.

सोमवारी आठलाच आम्ही व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रेवर वकिलातीच्या दारात होतो. फोटोवरून अडलंच. स्टेशनवरच्या मशीनमधून काढलेले फोटो तिकडच्या मापाचे आले होते, इथे दोन इंच बाय दोन इंच हवे होते. जवळच्या स्टुडिओत धावत जाऊन दुसरे काढले. काउंटरवरच्या बाईंनी कागद बघितले, देनुंचावरचा 'फुर्तो' शब्द पेनने अधोरेखित केला आणि ताईला विचारलं, "आप ठीक हैं ना?" तीन दिवसांत हे विचारणारं पहिलं माणूस. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिची सख्खी बहीण, मी विचारलं नव्हतं.

कागद दुपारनंतर मिळणार होता. त्याच रस्त्यावर सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया नावाचं लहानसं चर्च आहे. शिल्पकार बेर्निनीने घडवलेलं संत तेरेसाचं शिल्प तिथे आहे, सतराव्या शतकातलं. आत तिकीट नाही, गर्दी नाही. संगमरवराच्या त्या वस्त्राच्या चुण्या बघत आम्ही बराच वेळ बसलो. सगळ्या प्रवासात इतकं निवांत आम्ही काहीच पाहिलं नाही. ताईने लाल काड्यांचा चष्मा घालून माहितीफलक पूर्ण वाचला. मग तिने पर्स मांडीवरून काढून शेजारी बाकावर ठेवली. पर्सचा बंद मात्र तिच्याच मनगटाभोवती गुंडाळलेला.

संध्याकाळी इमर्जन्सी सर्टिफिकेट हातात आलं. विमान कंपनीला लगेच फोन केला, कारण आमचं विमान वाटेत एका देशात बदलायचं होतं आणि सगळीकडे हा कागद चालेलच असं नसतं. त्यांनी कागदाचा फोटो मागवला, तासाभराने चालेल म्हणून कळवलं आणि विमानतळावर चार तास आधी या म्हणाले.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या काचेमागे तरुण अधिकारी होता. ताईने कागदांची चळत पुढे सरकवली: सर्टिफिकेट, देनुंचा, पासपोर्टची नक्कल, व्हिसाची नक्कल. त्याने फोनवर कोणाला तरी बोलावलं. आम्हाला बाजूला उभं केलं. ताईची बोटं यंत्रावर ठेवायला सांगितली. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक व्हिसासाठी दिलेले ठसे त्यांच्या यंत्रणेत जपलेले असतात, त्यावरून व्हिसा खरा असल्याचं कळतं हे मला माहीत होतं, तरी माझ्या पोटात गोळा आला होता. ताई माझ्यापेक्षा शांत होती. दहा मिनिटांनी शिक्का बसला. "बुओन व्याज्जो," तो म्हणाला, म्हणजे प्रवास सुखाचा होवो. ताई क्षणभर थांबली आणि त्याला स्पष्ट आवाजात "ग्रात्सिए" म्हणाली.

गेटपाशी खुर्च्या मिळाल्या. ताईने ओढणीखालून हात घालून चाचपून पाहिलं. सोमवारपासून तिने पट्टा पुन्हा बांधायला सुरुवात केली होती, पुरळ होतं तरी. तो हात बघून मला राहवलं नाही.

"ताई, शुक्रवारी पट्टा काढ म्हणून मीच सांगितलं होतं."

"माहीत आहे मला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? मी सगळ्यांसमोर तुला..."

"तू आधीच किती घाबरली होतीस," ताई म्हणाली. तिने चष्मा काढून केसमध्ये ठेवला, केस पर्समध्ये, पर्सची चेन लावली आणि पर्स पुढे घेतली. "चल, ऊठ. आपली रांग सुरू झाली."